‘आधी बिल भरा, मग तक्रार करा’ : वीजग्राहकाला कायदा नेमकं काय देतो

वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात वाढीव बिल घेऊन गेलं की खिडकीच्या आतून एक वाक्य हमखास येतं. “आधी बिल भरा, मग तक्रार करा. नाहीतर लाइन कट होईल.” बाहेरचा माणूस मग दोनांपैकी एक करतो. कुणी उसनवारी करून सगळी रक्कम भरतो आणि पुढचे सहा महिने ती परत मिळवायला खेटे घालतो. कुणी “एक रुपयासुद्धा देणार नाही” म्हणून तावातावानं घरी येतो, आणि वीस दिवसांनी लाइनमन खांबावर चढतो.

कायद्यानं या दोघांसाठी तिसरा रस्ता २००३ सालीच करून ठेवला आहे. त्या रस्त्याची पाटी कार्यालयात लावलेली नसते, एवढंच. विद्युत कायदा, २००३ चं कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी ग्राहकाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर पूर्ण पंधरा दिवस थांबावं लागतं. याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे कलमाला ‘मात्र’ म्हणून जोडलेल्या अपवादात, खरी गंमत आहे. बिलाबद्दल वाद असेल, तर ग्राहकानं दोनांपैकी जी रक्कम कमी असेल ती निषेधासह, म्हणजे बिल मान्य नसल्याचं नोंदवून, भरायची: एक तर मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीनं दर महिन्याला येणारी रक्कम. तेवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

उदाहरण घेऊ. तुमचं बिल सहा महिने एकोणीसशे रुपयांच्या आसपास येतंय आणि या महिन्यात एकदम १८,४०० आलं. तुम्ही १,९०० भरायचे, ‘निषेधासह’ असं लिहून भरायचे, आणि तक्रार चालू राहील तोवर दर महिन्याला त्याच हिशेबानं भरत राहायचं. पूर्ण बिलही नाही आणि शून्यही नाही. ‘वाढीव बिलं भरूच नका’ असं सांगणारे पुढारी दर दोन-चार वर्षांनी उगवतात. त्यांचा राग खोटा नसतो, पण सल्ला घातक असतो. न भरणारा माणूस कलम ५६ ची ढाल स्वतःच टाकून देतो आणि बिलावर वाद घेणाऱ्या ग्राहकाचा साधा थकबाकीदार होऊन बसतो.

ऑनलाइन भरताना अडचण अशी येते की तिथे ‘निषेधासह’ लिहायला जागा नसते, आणि खिडकीवरचा कर्मचारी कमी रक्कम घ्यायला कुरकुर करतो. म्हणून आधी पत्र द्यायचं. त्यात साहित्य नको, एवढं पुरे:

“माझा ग्राहक क्रमांक अमुक. तमुक महिन्याचं रु. १८,४०० चं बिल मला मान्य नाही, कारण त्यातील युनिट माझ्या नेहमीच्या वापराशी जुळत नाहीत. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६(१) च्या परंतुकानुसार मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम रु. १,९०० मी निषेधासह व हक्क राखून भरण्यास तयार आहे. ती स्वीकारावी, तक्रारीचा निर्णय होईपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये आणि मीटरची तपासणी करावी.”

दोन प्रती काढा. एक आत द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का मारायला कुणी नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि कंपनीच्या ईमेलवरही टाका. खिडकीवर तासभर घातलेली हुज्जत पुढे कुठेच दिसत नाही, शिक्का मात्र दिसतो. टोल-फ्री नंबरवर तक्रार केली असेल तर मिळालेला तक्रार क्रमांकही याच कागदावर टिपून ठेवा.

नोटिशीबद्दल जाता जाता एक सांगतो. “आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर ताबडतोब फोन करा” असे मेसेज गेल्या काही वर्षांत अनेकांना आले आणि त्यात लोकांची खाती रिकामी झाली. पंधरा दिवसांचा नियम ज्याला ठाऊक आहे तो असल्या मेसेजला भुलत नाही. थकबाकीसाठी आज नोटीस आणि आज रात्री कट, असं कायद्यात बसतच नाही.

बिल उलटून पाहा

तक्रार लिहिण्याआधी बिल वाचायला हवं. बहुतेक लोक रक्कम आणि शेवटची तारीख एवढंच पाहतात. खरं बघायचं ते मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्याशेजारचा शेरा. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘आरएनटी’ (रीडिंग नॉट टेकन), ‘लॉक’, ‘इनॲक्सेस’ किंवा ‘फॉल्टी’ असं काही छापलेलं असेल, तर त्या महिन्यात तुमचं मीटर कुणी वाचलेलंच नाही. बिल अंदाजानं काढलेलं आहे, म्हणजे ज्याला आपण सरासरी बिल म्हणतो ते. असं बिल लहान असेल तर माणूस खूश होतो आणि गप्प बसतो. चूक तिथेच होते.

का, ते आकड्यांत पाहू. समजा रीडिंग घेणारा चार महिने आलाच नाही. त्या चारही महिन्यांत तुम्हाला साठ-साठ युनिटचं सरासरी बिल आलं, ते तुम्ही भरलं. पाचव्या महिन्यात तो आला. मीटर सांगतं, पाच महिन्यांत मिळून ६४० युनिट वापरले. त्यातले २४० आधीच भरलेत, उरले ४००. हे ४०० युनिट एकाच महिन्यात वापरले असं धरून बिल काढलं, तर काय होईल?

महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. दुसऱ्या टप्प्याचा युनिटदर पहिल्याच्या दुपटीच्या घरात जातो आणि तिसरा त्याहून वर. तुमचा खरा वापर महिन्याला १२८ युनिट. म्हणजे दर महिन्याचे १०० युनिट पहिल्या टप्प्यात आणि २८ दुसऱ्या. पाच महिन्यांचे मिळून ५०० युनिट स्वस्त दरानं, १४० त्यावरच्या दरानं, तिसऱ्या टप्प्यात एकही नाही.

एकरकमी काढलेल्या बिलात मात्र आधीचे २४० आणि आताचे १०० असे ३४० युनिटच पहिल्या टप्प्यात बसतात. २०० जातात दुसऱ्यात, आणि उरलेले १०० तिसऱ्यात, जिथे तुम्ही पाच महिन्यांत एकदाही पोचला नव्हता. वापर तोच, मीटर तोच, पण १६० युनिट वरच्या दरात ढकलले गेले. पैसे तिथे वाढतात.

योग्य पद्धत अशी की साठलेले युनिट जितक्या महिन्यांचे तितक्या महिन्यांत वाटायचे, प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ द्यायचा आणि आधी भरलेली रक्कम वजा करायची. बिलिंगच्या टेबलावर याला ‘स्लॅब बेनिफिट’ म्हणतात. संगणकात ती सोय असते. ती लागू झाली आहे का, हे तपासायचं काम मात्र ग्राहकावर येतं. तुमच्या अर्जात हा शब्द असाच्या असा वापरा. आतल्या माणसाला तुम्ही काय मागताय ते त्याच्या भाषेत कळतं.

२०२० च्या जून-जुलैमधली बिलं आठवत असतील. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, मीटर वाचन थांबलं. एप्रिल-मेची बिलं हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीवर गेली. प्रत्यक्षात सगळं घर दिवसभर घरात, पंखे गरगरत होते, आणि १ एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. जूनमध्ये रीडिंग झालं आणि तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला. महाराष्ट्रभर बोंब झाली. कंपन्यांनी मेळावे घेऊन, लिंक देऊन हिशेब समजावला, टप्प्यांचा लाभ दिल्याचं सांगितलं. हिशेब पुष्कळ ठिकाणी बरोबरही होता. पण तो समजायला लोकांना एक महिना लागला, कारण बिलावर तो नीट उलगडून दाखवलेलाच नव्हता. माझ्या मते त्या वर्षी लोकांचा राग आकड्यांइतकाच या अपारदर्शकपणावर होता.

सरासरी बिलाला मर्यादाही आहे. केंद्र सरकारनं ३१ डिसेंबर २०२० रोजी वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार एका आर्थिक वर्षात एका ग्राहकाला दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिलं देता येत नाहीत. तिसऱ्यांदा ‘आरएनटी’ दिसलं की लेखी तक्रार करायला हा आधार पुरेसा आहे. मीटर कुलूपबंद जिन्यात असेल तर आपली बाजूही लंगडी पडते, तेव्हा सोसायटीनं मीटरची खोली रीडिंगच्या दिवशी उघडी ठेवलेली बरी.

मीटरवरच संशय असेल तर

मीटर पळतंय असं वाटलं तर तपासणी मागण्याचा हक्क आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनं यात एक चांगली सोय आणली: रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, की पाच दिवसांत शेजारी दुसरं मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे. नव्या स्मार्ट मीटरबद्दल गावोगाव जी कुजबुज आहे तिच्यावर भाषणांपेक्षा हा उपाय बरा. दोन मीटर एकाच वायरवर, आकडे समोरासमोर.

उलट प्रकारही घडतो. मीटर बंद पडलेलं असतं, आपल्याला पत्ता नसतो, आणि एक दिवस दीड-दोन वर्षांच्या फरकाचं बिल हातात येतं. इथे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे २०२१ चे विनियम कामाला येतात. मीटर चालायचंच थांबलं असेल तर फरकाचं बिल जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, आणि तेही आधीच्या बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापराच्या सरासरीनं. मीटर वेळेवर तपासणं हे कंपनीचं काम. तिनं ते केलं नाही म्हणून ग्राहकाच्या डोक्यावर दोन वर्षांचं ओझं टाकायचं नाही, हा त्यामागचा विचार.

आता एका गोष्टीबद्दल गैरसमज फार आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. “दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी मागताच येत नाही” असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. कलम ५६(२) चे शब्द तसे वाटतात खरे: रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येणार नाही, अपवाद एवढाच की ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली असावी. पण ‘देय झाली’ कधी? वीज वापरली तेव्हा की बिल आलं तेव्हा? सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वीज वितरण निगमाच्या प्रकरणात उत्तर दिलं: बिल दिल्यावर. शिवाय कंपनीच्या चुकीमुळे कमी आकारणी झाली असेल, तर दोन वर्षांनंतरही जादा मागणीचं बिल देता येतं, मात्र त्या रकमेसाठी वीज तोडण्याचा बडगा वापरता येत नाही. पुढे २०२१ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात न्यायालयानं या कलमातून ग्राहकाला मिळणारं संरक्षण आणखी अरुंद केलं. म्हणजे दोन वर्षांचं कलम आहे, पण व्हॉट्सॲपवर सांगतात तितकं भक्कम नाही. केवळ त्याच्या भरवशावर लढायला जाऊ नका. बंद मीटरचे तीन महिने, टप्प्यांचा लाभ असे दुसरे मुद्दे हाताशी असतील तर ते पुढे ठेवा.

घरमालक सही देत नाही

आता ज्यांच्याकडे मीटरच नाही त्यांच्याबद्दल. कलम ४३ म्हणतं की जागेचा मालक किंवा ताबेदार यानं अर्ज केला की एक महिन्याच्या आत वीज द्यायची. जिथे नव्या वाहिन्या टाकायच्या किंवा उपकेंद्र उभं करायचं असेल तिथे जास्त मुदत. टाळाटाळ केली तर दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद. २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या नियमांत ही मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस इतकी खाली आली आहे, डोंगराळ ग्रामीण भागाला तीस. अर्ज कागदपत्रांसह पूर्ण असला पाहिजे, ही अट मात्र आहे, आणि बहुतेक अर्ज त्याच उंबरठ्यावर अडकतात. म्हणून “कागद कमी आहेत” असं तोंडी सांगितलं तर कोणते, ते लिहून मागा.

कलमातला ‘ताबेदार’ हा शब्द अधोरेखित करा. भाडेकरूही ताबेदारच. तरीही खिडकीवर “मालकाचं ना हरकत आणा” असं सांगतात, आणि ज्या मालकाला भाडेकरू घालवायचाच आहे तो सही कशाला देईल? असंच एक महाराष्ट्रातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे, मालक ना हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, आणि कंपनीनं पाहायचं ते इतकंच की अर्जदार खरोखर त्या जागेत राहतो का. मीटर मिळालं म्हणजे जागेवर हक्क आला असं नव्हे. ती भीती मालकांना असते, ती अनाठायी आहे. मीटर हा राहत असल्याचा पुरावा होईल, मालकीचा होत नाही.

मालकानं चालू असलेली वीज किंवा पाणी बंद केलं तर वाट वेगळी. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक पुरवठा तोडायला मालकाला मनाई आहे. त्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट सगळं येतं. भाडेकरू थेट न्यायालयात जाऊन पुरवठा पूर्ववत करून घेऊ शकतो. पाण्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, की डिसेंबर २०१४ मध्ये ‘पाणी हक्क समिती’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं मुंबई महापालिकेला बजावलं होतं: झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसाला पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वंचित ठेवता येणार नाही. बांधकामाचं काय करायचं हा प्रश्न निराळा आणि तहानेचा निराळा.

घर विकत घेणाऱ्यांसाठी एक इशारा. आधीच्या मालकाची वीज थकबाकी जागेबरोबर तुमच्याकडे येऊ शकते. मे २०२३ मध्ये केरळच्या वीज मंडळाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, जुनी बाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाही अशी अट नियमांत असेल तर ती चालेल, असं म्हटलं. महाराष्ट्रात विद्युत नियामक आयोगाच्या विनियमांनी याला लगाम घातलाय: खरेदीदाराकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांची बाकी मागता येते. वारसाला मात्र ही सवलत नाही, त्याच्याकडे सगळी येते. लिलावात कारखान्याचा गाळा किंवा बंद फ्लॅट घेणाऱ्यांनी किमतीची घासाघीस करण्याआधी वीजबिल मागावं.

कागदावर कलम कोणतं लिहिलंय?

भरारी पथक आलं, पंचनामा झाला आणि लाखभराचं बिल हातात ठेवलं, की माणूस घाबरतो. त्या घाईत तो कागदावरचं कलम बघत नाही, आणि सगळं तिथेच ठरतं. विद्युत कायद्याचं कलम १३५ म्हणजे वीजचोरी, फौजदारी गुन्हा. कलम १२६ म्हणजे अनधिकृत वापर. उदाहरणार्थ घरगुती मीटरवर दुकान चालवणं. त्यात चोरीचा आरोप नसतो, पण आकारणी दुप्पट दरानं होते, आणि वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरली जाते.

१२६ मध्ये आधी तात्पुरत्या आकारणीचा आदेश येतो. त्यावर हरकत घ्यायची, सुनावणी मागायची, आणि तात्पुरता आदेश बजावल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश व्हायला हवा. तो मान्य नसेल तर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील, त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. पुष्कळ जण तात्पुरत्या आदेशालाच अंतिम समजून पैसे भरतात किंवा गप्प राहतात, आणि हरकतीची संधी निघून जाते. ग्राहक आयोगात धाव घेऊनही इथे उपयोग नाही. कलम १२६ ची आकारणी ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे.

चोरीच्या तपासणीलाही शिस्त आहे. झडतीच्या वेळी घरातलं माणूस हजर असलं पाहिजे, जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्याची प्रत द्यायला हवी. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात राहत्या घराची तपासणी घरातल्या प्रौढ पुरुषाच्या उपस्थितीशिवाय करता येत नाही. (२००३ च्या कायद्यात ‘प्रौढ पुरुष’ असंच आहे. घरात फक्त बायका असतील तर पथकानं सकाळी यावं, असा अर्थ घ्यायचा.) चोरीच्या संशयावरून वीज लगेच तोडता येते, पण २४ तासांत पोलिसांकडे तक्रार नोंदवावी लागते, आणि आकारलेली रक्कम भरल्यावर ४८ तासांत वीज पुन्हा जोडावी लागते. कलम ५६ च्या सरासरीची ढाल इथे चालत नाही.

दार कोणतं ठोठवायचं

साधी बिलाची, मीटरची, जोडणीची तक्रार असेल तर क्रम असा. आधी उपविभागाला लेखी. तिथे दाद लागली नाही की ग्राहक तक्रार निवारण मंच. महावितरणचे हे मंच परिमंडळनिहाय आहेत. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा पॉवर यांचे आपापले आहेत. मंच कंपनीच्याच आवारात बसतो, त्यामुळे लोकांना वाटतं की हे तर त्यांचंच माणूस. शंका अगदीच निराधार नाही, पण मंचात ग्राहक संघटनेतून आलेला एक सदस्य असतो आणि कंपनीच्या विरोधात आदेश नियमित होतात. वकील लागत नाही. मंचानं ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. वीज तुटायच्या बेतात असेल तर अर्जातच अंतरिम आदेश मागायचा, तोही मंच देऊ शकतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावं लागतं. बिलं निदान तेवढी तरी फाइलला लावून ठेवा.

मंचाच्या वर विद्युत लोकपाल. राज्यात मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालयं आहेत. लोकपाल ही स्वतंत्र व्यवस्था आहे, कंपनी तिथे फक्त प्रतिवादी. लोकपालांचे जुने आदेश संकेतस्थळावर वाचायला मिळतात. आपल्यासारखीच तक्रार शोधून तिचा आदेश अर्जासोबत जोडा. मंचाच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कात्रणापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त.

जिल्हा ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वीजपुरवठा ही ‘सेवा’ म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. मानसिक त्रास, व्यवसायाचं नुकसान अशी भरपाई मागायची असेल तर आयोग, बिल दुरुस्त करून हवं असेल तर मंच, असा माझा साधारण कल. पण एकच प्रकरण दोन्हीकडे चालवता येत नाही, तेव्हा आधी ठरवा.

अनामत रकमेवरून दर उन्हाळ्यात गोंधळ होतो, त्याबद्दल दोन ओळी. एप्रिल-मेमध्ये बिलासोबत ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ म्हणून वेगळा कागद येतो. ती दरवाढ नाही. नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी हवी. वापर वाढला की फरक मागतात. तो हप्त्यांत भरता येतो, आणि ठेवीवर व्याज देणं कलम ४७ नुसार कंपनीला बंधनकारक आहे. व्याज बिलातच वळतं होतं. तुमच्या बिलात ती ओळ दिसली का, एकदा बघा. भाड्याच्या घरात ठेव भाडेकरूनं भरली असेल तर पावती त्याच्याकडेच राहू द्या. जोडणी बंद केल्यावर परताव्याचा अर्ज करताना ती लागते.

मंचाचा आदेश विरोधात गेला तर लोकपालांकडे जायला ६० दिवस मिळतात. आदेश टपालानं येतो, कधी आठ-दहा दिवस उशिरानं. त्यामुळे पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख आदेशाच्या प्रतीवर पेनानं लिहून ठेवा आणि लोकपालांच्या अर्जात आदेश कधी हाती पडला तेही नमूद करा.